सीटीएलए-४: उंदरांनी सोडवलेला आणि उंदरांनीच वाढवलेला गुंता

सीटीएलए-४ हे प्रथिन सापडलं १९८७ साली. ते नेमकं काय करतं यावर एकमत व्हायला १९९५ उजाडावं लागलं, आणि ते काम कसं करतं यावरचे वाद तर अजून मिटलेले नाहीत. आज या प्रथिनाला अडवणारं औषध कर्करोगावर दिलं जातं, तर याच प्रथिनाचा बाहेरचा भाग वापरून बनवलेलं दुसरं औषध आमवातावर. रेणू एकच, उपयोग अगदी उलटे. हे शक्य झालं ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या उंदरांमुळे. बशीत वाढवलेल्या पेशी दोन्ही बाजूंनी साक्ष देत होत्या, निकाल उंदरांनी दिला. पण पुढे याच उंदरांनी संशोधकांना काही ठिकाणी चांगलंच चकवलं. यशाची गोष्ट सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून इथे दोन्ही एकत्र मांडतो आहे.

एका संकेतावर भागत नाही

टी-पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. तिच्या पृष्ठभागावर एक ग्राही, म्हणजे संकेत टिपणारं प्रथिन, असतो. दुसऱ्या पेशीने समोर धरलेला प्रथिनाचा तुकडा तो ओळखतो. अडचण अशी, की जंतूंच्या प्रथिनांचे तुकडे जसे समोर धरले जातात तसेच शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचेही. ओळख पटली की हल्ला, एवढाच नियम असता तर शरीराने स्वतःलाच पोखरलं असतं. थायमस ग्रंथीत वाढतानाच स्वतःवर उलटू शकणाऱ्या बहुतेक टी-पेशी मारल्या जातात, पण काही निसटतातच.

१९७० साली पीटर ब्रेचर आणि मेल्विन कोन यांनी एक सैद्धांतिक तोडगा सुचवला. प्रतिजनाची, म्हणजे समोर धरलेल्या त्या तुकड्याची, ओळख हा पहिला संकेत. त्याच्या जोडीला दुसरा संकेत मिळाला तरच पेशी कामाला लागते, आणि फक्त पहिलाच मिळाला तर ती गप्प बसवली जाते. त्यांची मांडणी प्रामुख्याने प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिनं, बनवणाऱ्या पेशींबद्दल होती. टी-पेशींच्या बाबतीत अवयव-प्रत्यारोपणाचा अभ्यास करणाऱ्या लॅफर्टी आणि कनिंगहॅम यांनी १९७५ मध्ये तोच धागा पुढे नेला. पण हे सगळं बराच काळ कागदावरच राहिलं.

त्याला प्रयोगाचा आधार मिळाला तो १९८७ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क जेन्किन्स आणि रोनाल्ड श्वार्ट्झ यांनी उंदराच्या टी-पेशींसमोर रसायनाने गोठवलेल्या पेशी ठेवल्या. या पेशींवर प्रतिजन होतं, पण बाकी त्या निर्जीवच होत्या. टी-पेशी त्यांना पाहून जागृत झाल्या नाहीत, इथवर अपेक्षितच होतं. गंमत पुढे आहे: नंतर त्यांच्यासमोर जिवंत, धडधाकट पेशी आणल्या तरी त्या ढिम्म राहिल्या. अर्धवट संकेत मिळालेली टी-पेशी नुसती वाट पाहत बसत नाही, ती निष्क्रिय होऊन जाते, असा त्याचा अर्थ.

मग दुसरा संकेत कुठला? माणसाच्या टी-पेशींवरचं सीडी२८ हे प्रथिन तोवर ठाऊक होतं. १९९० मध्ये सिएटलला पीटर लिन्स्ली आणि सहकाऱ्यांनी त्याचा जोडीदार शोधला: बी७, जो प्रतिजन समोर धरणाऱ्या पेशींवर असतो. १९९२ मध्ये फिओना हार्डिंग, जेम्स अॅलिसन आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या टी-पेशींमध्ये सीडी२८ला चालना दिली, तर पेशी निष्क्रिय होण्यापासून वाचल्या. दुसरा संकेत सापडला होता. बी७चे प्रत्यक्षात दोन भाऊ आहेत, बी७-१ आणि बी७-२, हे १९९३ मध्ये कळलं. त्याच वर्षी टोरांटोतल्या टाक माक यांच्या गटाने सीडी२८चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. ते जगले, वाढले, काही विषाणूंशी लढलेसुद्धा. फक्त प्रतिपिंडांचा प्रतिसाद लंगडा पडला.

मार्सेयची वजाबाकी

सीटीएलए-४ या सगळ्याशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी सापडलं होतं. मार्सेयच्या ल्युमिनी भागातल्या इम्युनॉलॉजी केंद्रात पिएर गोल्स्टाइन यांच्या गटाला प्रश्न पडला होता तो असा: मारेकरी टी-पेशी समोरच्या पेशीला ठार कशी करते? त्यासाठी त्यांनी जनुकांची वजाबाकी केली. उंदराच्या मारेकरी टी-पेशींमध्ये चालू असलेली जनुकं घ्यायची आणि त्यांतून बी-पेशींमध्येही (प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींमध्येही) चालू असलेली वगळायची. उरतील ती मारण्याच्या कामाशी निगडित असण्याची शक्यता जास्त.

मिळालेल्या जनुकांना क्रमांक दिले गेले. पहिला आणि तिसरा क्रमांक खरोखरच मारण्याची हत्यारं निघाली. ती आज ग्रॅन्झाइम बी आणि ग्रॅन्झाइम ए म्हणून ओळखली जातात. याच मालिकेतला आठवा क्रमांक पुढे इंटरल्युकिन-१७ या नावाने गाजला. एका साध्या वजाबाकीतून इतकं निघावं हे आजही थक्क करणारं आहे. चौथा क्रमांक मात्र हत्यार नव्हता. ज्याँ-फ्रान्स्वा ब्रुने आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं वर्णन छापलं: २२३ अमिनो आम्लांचं, पेशीच्या पृष्ठभागावर बसणारं, इम्युनोग्लोब्युलिन कुळातलं नवं प्रथिन. काम अज्ञात.

उंदराच्या गुणसूत्र १ वर हे जनुक सीडी२८च्या जनुकाशेजारीच आहे, आणि दोन्ही प्रथिनं दिसायलाही एकमेकांसारखी. १९९१ मध्ये लिन्स्ली यांच्या गटाने दाखवलं की सीटीएलए-४सुद्धा बी७लाच चिकटतं, आणि सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट. त्यांनी तेव्हा सुमारे २० पट असा आकडा दिला होता. हे मोजण्यासाठी त्यांनी सीटीएलए-४चा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटाला जोडून एक विरघळणारं संकरित प्रथिन बनवलं: सीटीएलए४-आयजी. ते बी७ला असं काही झाकून टाकतं की सीडी२८ला जागाच उरत नाही. १९९२ मध्ये जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटाने उंदरांमध्ये माणसाच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं रोपण केलं आणि हे प्रथिन टोचलं. परक्या प्राण्याच्या त्या पेशी उंदरांनी दीर्घकाळ स्वीकारल्या. सीटीएलए-४ स्वतः काय करतं हे कुणाला माहीत नसताना त्याचा तुकडा औषध म्हणून कामाला लागला होता. याच तुकड्याचं माणसासाठीचं रूप अबाटासेप्ट. त्याला २००५च्या डिसेंबरात आमवातासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याचंच सुधारित रूप बेलाटासेप्ट २०११ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरलं जातं.

चालना की अटकाव?

सीडी२८सारखं दिसतं, त्याच जोडीदाराला चिकटतं, टी-पेशी जागृत झाल्यावरच पृष्ठभागावर येतं. यावरून सहज सुचणारा निष्कर्ष हा, की सीटीएलए-४ म्हणजे चालना देणारा दुसरा ग्राही. १९९२ मध्ये लिन्स्ली यांच्या गटाने तसं म्हटलंही. प्रयोगही त्या बाजूला झुकत होते.

१९९४ मध्ये ब्लूस्टोन यांच्या प्रयोगशाळेतून टेरेसा वालुनास आणि सहकाऱ्यांनी अगदी उलटं मांडलं: सीटीएलए-४ टी-पेशींना आवरतं. १९९५ मध्ये बर्कलीत मॅक्स क्रमेल आणि अॅलिसन यांनीही तेच म्हटलं. पण मग आधीच्या प्रयोगांचं काय?

घोळ प्रतिपिंडाच्या वापरात होता, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. सीटीएलए-४ला चिकटणारं प्रतिपिंड पेशींवर टाकलं आणि पेशी जोमाने वाढल्या, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, प्रतिपिंडाने ग्राहीला चालू केलं आणि त्यातून चालना मिळाली. दोन, प्रतिपिंडाने ग्राहीची बी७शी होणारी भेट अडवली आणि अटकाव उठला. निरीक्षण तेच, निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. यातून वाट काढण्यासाठी प्रतिपिंडाचं रूप बदलून पाहावं लागतं. अखंड प्रतिपिंडाला दोन पकडी असतात. ते मण्यांवर बसवून दिलं तर ग्राहींचे रेणू एकत्र ओढले जातात आणि ग्राही चालू होतो. एकच पकड असलेला तुकडा मात्र नुसता आड येतो. क्रमेल यांनी मण्यांवर बसवलेलं प्रतिपिंड वापरलं तेव्हा टी-पेशींची वाढ दबली. वालुनास यांनी एका पकडीचा तुकडा वापरला तेव्हा वाढ फोफावली. दोन्ही निरीक्षणं एकत्र धरली तर अटकावाचीच बाजू पटते. तरीही बशीतल्या प्रयोगांवर शंका घेणाऱ्यांना जागा होती, आणि त्यांनी ती सोडली नाही.

१९९५च्या नोव्हेंबरात दोन शोधनिबंध जवळपास एकाच वेळी आले. एक बॉस्टनच्या आर्लीन शार्प यांच्या गटाचा, दुसरा टाक माक यांच्या गटाचा. दोघांनीही सीटीएलए-४चं जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले होते. पिल्लं जन्माला येताना ठीकच होती, थायमसमध्ये टी-पेशींची घडणही साधारण नेहमीसारखी झाली. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या प्लीहा आणि लसीका गाठी टम्म फुगल्या. टी-पेशींचे लोंढे हृदयाच्या स्नायूत, स्वादुपिंडात आणि इतर अवयवांत घुसले. तीन-चार आठवड्यांत पिल्लं मेली. त्यांना कुठलाही संसर्ग झालेला नव्हता.

सीडी२८ काढलेले उंदीर जगतात आणि सीटीएलए-४ काढलेले महिनाभरात मरतात, यानंतर चालनेची बाजू लढवणं अवघड होतं. वाद जवळजवळ संपला. एवढ्या सरळ प्रयोगाने एवढा मोठा वाद मिटल्याची उदाहरणं जीवशास्त्रात फार नाहीत. पुढच्या जोडणीने चित्र पक्कं केलं: पिल्लांना जन्मापासून सीटीएलए४-आयजी टोचत राहिलं तर ती वाचतात, आणि सीटीएलए-४बरोबर दोन्ही बी७ही काढून टाकले तर आजारच होत नाही. म्हणजे पिल्लं मरत होती ती बी७ आणि सीडी२८ यांच्या अनावर संवादाने.

कुणाचा ब्रेक, कुणाला लागतो

इथून पाठ्यपुस्तकांत ती सुप्रसिद्ध उपमा आली: सीडी२८ म्हणजे अॅक्सिलरेटर, सीटीएलए-४ म्हणजे ब्रेक. उपमा सोयीची आहे, पण तिने थोडी दिशाभूलही केली. ब्रेक ज्या गाडीचा त्याच गाडीला लागतो. १९९९ मध्ये मार्टिन बाखमन आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांमध्ये दोन प्रकारची अस्थिमज्जा मिसळून घातली, एक सीटीएलए-४ असलेली आणि एक नसलेली. अशा उंदरांत सीटीएलए-४ नसलेल्या टी-पेशी भरपूर होत्या. त्या सुटायला हव्या होत्या, पण उंदीर निरोगी राहिले. शेजारी असलेल्या धडधाकट पेशींनी या बिनब्रेकच्या पेशींना आवरलं होतं.

हे करणाऱ्या पेशी कोण, याचं उत्तर जपानमधून आलं. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की सीडी२५ हे प्रथिन बाळगणारा टी-पेशींचा एक छोटा गट इतर टी-पेशींना दाबून ठेवतो. त्यांना आज नियामक टी-पेशी म्हणतात. इतर टी-पेशी जागृत झाल्यावर सीटीएलए-४ दाखवतात. या पेशींकडे ते कायमच असतं, हे २००० मध्ये साकागुची यांच्या आणि फिओना पॉरी यांच्या गटांनी नोंदवलं. त्यांच्या जडणघडणीचं सूत्रधार जनुक, फॉक्सपी३, सापडलं ते स्कर्फी नावाच्या उंदरांमुळे. हे उंदीर १९४९ मध्ये ओक रिजला आपोआप झालेल्या उत्परिवर्तनातून मिळाले होते, आणि त्यांच्यातले नरही काही आठवड्यांतच सीटीएलए-४ नसलेल्या पिल्लांसारखेच मरत. या कामासाठी साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चं नोबेल मिळालं.

२००८ मध्ये साकागुची यांच्या गटातले काइसा विंग आणि सहकाऱ्यांनी सीटीएलए-४ फक्त नियामक पेशींमधून काढलं, बाकी टी-पेशींत तसंच ठेवलं. उंदीर तरीही स्वयंप्रतिकारी, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या, आजाराने मेले, जरा उशिरा इतकंच. अटकावाचा मोठा भाग बाहेरून येत होता.

तो येतो कसा? पेशीच्या आत संकेत पाठवून, असा बराच काळ समज होता, आणि त्या बाजूचा पुरावाही आहे. पण सीटीएलए-४ची एक विचित्र सवय त्यात बसत नव्हती. संकेत देणारा ग्राही पृष्ठभागावर असायला हवा. सीटीएलए-४चा बहुतांश साठा पेशीच्या आत असतो. पृष्ठभागावर आलेलं प्रथिन लगेच आत ओढलं जातं, पुन्हा वर येतं, पुन्हा आत. ही ये-जा त्याच्या आतल्या शेपटातल्या छोट्याशा क्रमावर अवलंबून आहे, आणि ती शेपूट उंदरात आणि माणसात तंतोतंत सारखी आहे. बाहेरचा भाग बदलला तरी चालला, शेपूट मात्र उत्क्रांतीने बदलू दिली नाही. २०११ मध्ये बर्मिंगहॅमला डेव्हिड सॅन्सम यांच्या गटाने या ये-जाचा उपयोग दाखवला. सीटीएलए-४ समोरच्या पेशीवरचं बी७ पकडतं, ओरबाडून आपल्या पेशीत ओढतं आणि तिथे त्याचा नाश होतो. समोरची पेशी बी७विना राहिली की तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक टी-पेशीला दुसरा संकेत कमी पडतो. बाखमन यांच्या मिश्र उंदरांचं कोडं यात सहज सुटतं. मला स्वतःला हे स्पष्टीकरण आतल्या संकेताच्या कल्पनेपेक्षा जास्त पटतं. पण दोन्ही एकाच वेळी खरं असायला काही हरकत नाही, आणि तज्ज्ञांत यावर अजून मतभेद आहेत.

गाठी विरल्या

कर्करोगाचा भाग इतका सांगितला गेला आहे की थोडक्यात उरकतो. अटकाव उठवला तर टी-पेशी कर्करोगाच्या गाठीवर तुटून पडतील का, हा अॅलिसन यांचा प्रश्न. डॅना लीच यांनी उंदरांना आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी टोचून मग सीटीएलए-४ला अडवणारं प्रतिपिंड दिलं. गाठी नाहीशा झाल्या. निकाल इतका चांगला होता की अॅलिसन यांनी तो १९९४च्या नाताळात पुन्हा करायला लावला, आणि कुठल्या पिंजऱ्यात औषध आहे हे स्वतःला कळू न देता गाठी मोजल्या. सुरुवातीला सगळीकडे गाठी वाढतच होत्या, मग काही पिंजऱ्यांतल्या थांबल्या आणि ओसरल्या. १९९६च्या मार्चमध्ये हे ‘सायन्स’मध्ये आलं. बऱ्या झालेल्या उंदरांना त्याच पेशी पुन्हा टोचल्या तरी गाठ धरली नाही.

मात्र सगळे कर्करोग असे वाकले नाहीत. बी१६ हा उंदरांतला मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, नुसत्या प्रतिपिंडाला दाद देईना. त्याला जोडीला लस लागली. १९९९च्या त्या प्रयोगात बऱ्या झालेल्या काळ्या उंदरांचे केस जागोजागी पांढरे झाले, कारण टी-पेशींनी मेलानोमाबरोबर केसांना रंग देणाऱ्या निरोगी पेशीही मारल्या होत्या. औषध माणसात काय दुष्परिणाम करेल याची ही आगाऊ सूचनाच होती.

माणसासाठीचं प्रतिपिंड, इपिलिमुमॅब, मेडारेक्स कंपनीने मानवी प्रतिपिंडांची जनुकं घातलेल्या उंदरांकडूनच बनवून घेतलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७६ मेलानोमा रुग्णांच्या चाचणीत मध्यम आयुर्मान ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेलं. वाढ मामुली वाटते. खरं महत्त्व त्या थोड्या रुग्णांचं होतं जे वर्षानुवर्षं जगले. अमेरिकेत २०११च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना नोबेल. होंजो यांचा रेणू पीडी-१ हा असाच अटकाव करणारा, पण त्याच्याविना उंदीर सौम्य आणि उशिरा आजारी पडतात.

जिथे उंदरांनी चकवलं

सीटीएलए-४च्या जनुकाची एक प्रत शाबूत असलेले उंदीर ठणठणीत असतात. म्हणून माणसातही एक प्रत पुरत असेल असं धरलं गेलं. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी अशा कुटुंबांची माहिती छापली ज्यांच्यात एकच प्रत बिघडली होती. त्यातल्या अनेकांना आतड्याचा दाह, रक्तपेशींवर हल्ला, फुप्फुसांत आणि मेंदूत टी-पेशींचे पुंजके असे आजार होते. काही जण मात्र तीच बिघडलेली प्रत घेऊन धडधाकट होते. माणसात सीटीएलए-४चं प्रमाण निम्म्यावर आलेलं खपत नाही, उंदरात खपतं. अशा काही रुग्णांना आता अबाटासेप्ट दिलं जातं, म्हणजे जे कमी पडतं त्याचाच तुकडा बाहेरून.

उंदराला एक प्रत पुरते ही गोष्ट नंतर एका वेगळ्या कामी आली. इपिलिमुमॅब आणि पीडी-१ अडवणारं औषध एकत्र घेतलेल्या दोन रुग्णांचा हृदयाच्या स्नायूच्या तीव्र दाहाने मृत्यू झाल्याचं २०१६ मध्ये नोंदवलं गेलं. हा दुष्परिणाम विरळा, पण जीवघेणा. साधे प्रयोगशाळेतले उंदीर तो दाखवत नव्हते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात पीडी-१ पूर्ण काढून सीटीएलए-४ची एकच प्रत ठेवलेले उंदीर वापरले गेले, आणि त्यांना तो झाला. अबाटासेप्टसारखं प्रथिन दिल्यावर तो सौम्यही झाला.

सगळ्यात मोठा चकवा मात्र सीडी२८च्या बाजूने बसला. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात १३ मार्च २००६ रोजी सहा निरोगी स्वयंसेवकांना टीजीएन१४१२ हे सीडी२८ला जबरदस्त चालना देणारं प्रतिपिंड टोचण्यात आलं. उंदीरवर्गातल्या प्राण्यांत अशा प्रतिपिंडाने नियामक पेशी वाढत आणि दाह कमी होई. मकाक माकडांतही ते सुरक्षित ठरलं होतं, आणि माणसाला दिलेला डोस त्या सुरक्षित डोसच्या ५००व्या हिश्शाइतका होता. दीड तासाच्या आत सहाही जणांमध्ये दाहकारक रसायनांचं वादळ उठलं. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात जाऊन. मकाकांचं उत्तर नंतर सापडलं: त्यांच्या एका प्रकारच्या अनुभवी, म्हणजे आधी लढलेल्या, टी-पेशी सीडी२८ गमावतात, माणसाच्या नाही. प्रयोगशाळेतले उंदीर मात्र जन्मभर जंतूंपासून जपलेले असतात. त्यांच्याकडे अनुभवी टी-पेशी मुळातच कमी. २०१९ मध्ये स्टीफन रॉशार्ट आणि बार्बरा रेहरमन यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांचे भ्रूण रानटी उंदरांच्या माद्यांच्या गर्भाशयात वाढवले. जनुकं प्रयोगशाळेची, पण जन्मल्यापासून सोबत रानातले जंतू. या उंदरांना सीडी२८चं तसंच प्रतिपिंड दिल्यावर त्यांनी माणसासारखी प्रतिक्रिया दाखवली. दोष उंदीर या प्राण्यात नव्हता, त्याला ज्या स्वच्छतेत वाढवलं त्यात होता.

वय हाही असाच दुर्लक्षिलेला घटक. १९९५च्या प्रयोगात जनुक जन्माआधीच गायब होतं. औषध मात्र प्रौढ माणसाला दिलं जातं. शार्प यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रौढ उंदरांच्या नियामक पेशींतून सीटीएलए-४ काढलं, तर त्या पेशींची संख्या उलट वाढली आणि उंदीर मेंदू-मज्जारज्जूच्या प्रायोगिक स्वयंप्रतिकारी आजाराला पुरून उरले. पिल्लांतल्या निकालावरून कुणीही हे भाकीत केलं नसतं.

आणि प्रतिपिंड गाठीत नेमकं करतं काय, हाही प्रश्न उंदरांनीच उकरून काढला. २०१३ मध्ये एका पाठोपाठ आलेल्या कामांनी दाखवलं की उंदरांत सीटीएलए-४चं प्रतिपिंड गाठीतल्या नियामक पेशींना चिकटतं आणि तिथल्या भक्षक पेशी त्यांना मारतात. प्रतिपिंडाची शेपूट बदलून ही कत्तल थांबवली तर गाठीवरचा परिणामही मावळतो. म्हणजे १९९६ पासून ज्याला अटकाव उठवणं म्हटलं जात होतं, त्यातलं निदान काही तरी नियामक पेशींचा सफाया होता. इपिलिमुमॅब माणसात हेच करतं का, यावर रुग्णांच्या गाठींचे नमुने तपासणाऱ्या गटांची उत्तरं जुळत नाहीत. सध्या एक प्रयत्न चालू आहे तो असं प्रतिपिंड बनवण्याचा, जे पेशीच्या आतल्या आम्ल वातावरणात सीटीएलए-४ला सोडून देईल, म्हणजे प्रथिन नष्ट न होता पुन्हा पृष्ठभागावर येईल, गाठीतला परिणाम टिकेल आणि इतर अवयवांवरचे हल्ले कमी होतील. त्याची पहिली पारख झाली ती सीटीएलए-४चं मानवी जनुक घातलेल्या उंदरांवर.